संस्थेचं वायफाय रडतंय? नवे ॲक्सेस पॉइंट (एपी) मागवण्याआधी हे तपासा

ही नोंद संशोधन संस्थेत नेटवर्कचं काम गळ्यात पडलेल्या माणसासाठी आहे: तांत्रिक सहायक, संगणक समितीवरचे प्राध्यापक, किंवा ‘तुला कंप्युटरमधलं कळतं ना’ म्हणून पकडलेला पीएचडीचा विद्यार्थी. पुण्यात आणि आसपासच्या प्रयोगशाळांत मी हेच दुखणं पुन्हा पुन्हा दुरुस्त करतो. इमारत बदलते, उपकरणांची कंपनी बदलते, तक्रारी त्याच असतात.

लक्षणं

– रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही. सकाळी नऊला ठीक, अकरानंतर रडारड, सेमिनारच्या दिवशी तर विचारूच नका.
– फोन ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ इथेच अडकतो. शेजारच्याचा मात्र चालतो.
– लॅपटॉप घेऊन कॉरिडॉरमधून लॅबमध्ये गेलं की मीटिंग तुटते. वायफाय जोडलेलंच दिसतं.
– काही केल्या लिंक स्पीड ५४ किंवा ७२ एमबीपीएसच्या वर सरकत नाही.
– ५ गिगाहर्ट्झचं नाव मधूनच यादीतून गायब होतं आणि थोड्या वेळानं परत येतं.
– एके दिवशी अख्ख्या मजल्याचे एपी, म्हणजे छतावरचे वायफायचे डबे, बंद पडतात. कुणी हात लावलेला नसतो.
– नवे एपी लावले, बिलं पास झाली, तरी वरचं सगळं चालूच.

शेवटची तक्रार सगळ्यात महाग पडते आणि तीच टाळण्यासाठी हा खटाटोप. छतावरचा डबा जुना झाला म्हणून वायफाय रडतं असं सगळे धरून चालतात. खरं तर डब्यामागची वायर, वायरमागचा स्विच, पत्ते वाटणारा सर्व्हर, सगळे एपी चालवणाऱ्या कंट्रोलरवरच्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या सेटिंग आणि हवा, हे सगळंच जुनं झालेलं असतं. त्यामुळे तपासणी फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करायची आणि पैसे लागतात तिथं सावकाश पोचायचं.

आधी वायर, मग हवा

ज्या स्विचला एपी जोडलाय त्याच स्विचला पॅच कॉर्डनं लॅपटॉप जोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि गेटवेला (तुमच्या नेटवर्कमधून बाहेर जायच्या दाराला) पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराची वेळ बघा. वायरवरून उत्तर साधारण एक मिलिसेकंदात यायला हवं. मग कॉर्ड काढा, वायफाय चालू करा, तोच पिंग पुन्हा. वायफायवर काही मिलिसेकंद लागणं स्वाभाविक आहे. आकडा शेकड्यात जात असेल किंवा मधली उत्तरं गळत असतील तर दोष हवेत आहे. वायरवरही गेटवे सुस्त असेल तर स्विच किंवा लूप (फिरून त्याच नेटवर्कात परत खोचलेली वायर) बघा. गेटवे झटपट आणि बाहेरचं पान मात्र रेंगाळतंय, तर डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा), फायरवॉल किंवा बाहेरची लिंक. कधी काळी कमी रहदारीसाठी घेतलेली फायरवॉल प्रत्येक पॅकेट उघडून तपासत बसते आणि शिव्या वायफाय खातं. अशा वेळी एपी बदलून काडीचा फरक पडणार नाही. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि निम्म्या इमारतींत गाडी इथूनच वेगळ्या दिशेला वळते.

लॅपटॉप स्वतः काय सांगतो

विंडोजमध्ये सेटिंग, नेटवर्क, वायफाय, प्रॉपर्टीज इथं प्रोटोकॉल, बँड, चॅनल आणि लिंक स्पीड लिहिलेला असतो. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल आणि नॉइजही दिसतो. लोक हा आकडा बघतच नाहीत. थेट स्पीड टेस्ट लावतात आणि तिचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात.

लिंक स्पीड ५४ वर अडकलाय आणि उपकरणं बऱ्यापैकी नवी आहेत, तर कंट्रोलरवर त्या नेटवर्कचं एन्क्रिप्शन बघा. तिथं टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी निवडलेलं असेल. २००९ च्या ८०२.११एन मानकात या जुन्या एन्क्रिप्शनबरोबर नवे वेग वापरायला मनाई आहे, त्यामुळे कितीही महाग एपी आणा, तो २००३ च्या ८०२.११जी च्याच वेगानं चालतो. डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडलं की त्याच जुन्या डब्यावर वेग वाढतो, तोही फुकटात. आकडा ७२ असेल तर उपकरण २.४ गिगाहर्ट्झवर एकाच स्ट्रीमनं बोलतंय. फोनच्या बाबतीत त्यात नवल नाही. पण ५ गिगाहर्ट्झवर चालणारा लॅपटॉप तिथं का बसलाय, हे शोधायला हवं. आणि लिंक स्पीडच्या साधारण निम्माच वेग प्रत्यक्षात मिळतो, तो दोष नव्हे.

पत्ते संपलेत का

‘आयपी मिळवत आहे’ वर अडकणाऱ्या फोनचं कारण बहुतेकदा इथंच सापडतं. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरचा जुना पूल (पत्त्यांचा साठा) /२४ चा, म्हणजे जास्तीत जास्त २५४ पत्ते. तो आखला तेव्हा एका माणसामागे एक लॅपटॉप होता. आज लॅपटॉप, फोन, टॅब आणि मनगटावरचं घड्याळ. त्यात अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा कायमचा ओळखक्रमांक) न सांगता बनावट पत्ता पुढे करतात. एकच फोन काही वेळा दोन वेगळे पाहुणे म्हणून नोंदला जातो. विंडोज सर्व्हरवर लीजची, म्हणजे दिलेला पत्ता राखून ठेवण्याची, मुदत मुळातच ८ दिवस असते. म्हणजे सोमवारी सेमिनारला येऊन गेलेला पाहुणा पुढच्या आठवड्यापर्यंत तुमचा पत्ता अडवून बसतो.

पाहुण्यांच्या आणि फोनच्या नेटवर्कची लीज काही तासांवर आणा. तरी पुरत नसेल तर पूल /२२ करा, १०२२ पत्ते होतात.

अडकलेल्या उपकरणाला मिळालेला पत्ताही नीट वाचा. तुमच्या संस्थेत १० ने सुरू होणारे पत्ते आहेत आणि याच्याकडे १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ मधला आहे, तर कुणीतरी घरचा राऊटर आणून भिंतीतल्या पोर्टला खोचलाय. बहुधा ‘आमच्या लॅबला रेंज येत नाही’ म्हणूनच. तो राऊटर आता सगळ्यांना चुकीचे पत्ते वाटतोय. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (भलत्या पोर्टवरून पत्ते वाटायला बंदी) चालू केलं की हा प्रकार थांबतो. राऊटर आणणाऱ्याला मात्र झापू नका. कव्हरेज कुठं कमी पडतंय ते त्यानं स्वतःच्या खिशातून दाखवून दिलंय.

कंट्रोलरवरच्या जुन्या सवयी

इथं थोडं थांबावं लागेल, कारण संशोधन संस्थेचं वायफाय जास्त करून इथंच मरतं. हवा एकच आहे आणि एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. घाटात पुढं मालाचा ट्रक लागला की मागच्या गाडीचं इंजिन कितीही दमदार असो, चढ संपेपर्यंत ट्रकच्याच वेगानं जावं लागतं. १९९९ च्या ८०२.११बी चे वेग, म्हणजे १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस, अजून चालू असतील तर प्रत्येक एपी आपलं नाव जाहीर करणारा बीकन १ एमबीपीएसनं पाठवतो. साधारण ३०० बाइटचा बीकन या वेगानं अडीच मिलिसेकंद खातो आणि तो दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. एका नावामागे हवेचा अडीच टक्के वेळ गेला. आता संस्थेकडे वळा. स्टाफ, स्टुडंट, गेस्ट, एक हॉस्टेलचं, एक जुन्या प्रकल्पाचं आणि एक कुणाचं ते कुणालाच माहीत नाही, अशी सहा नावं. एकाच चॅनलवर चार एपी ऐकू येत असतील तर चोवीस बीकन. सहा चोक चोवीस, त्याला अडीचनं गुणा: साठ टक्के. कुणी एक ईमेलसुद्धा उघडलेली नाही आणि निम्म्याहून जास्त हवा संपलेली आहे.

उपाय साधा: जुने वेग बंद करा, किमान वेग १२ एमबीपीएस ठेवा, नावं तीनवर आणा. पण प्रयोगशाळेत हे करण्याआधी एक काम टाळता येणार नाही. उणे ८० च्या फ्रीझरचा तापमान लॉगर, ग्रीनहाऊसमधला सेन्सर, बारकोड वाचणारा जुना स्कॅनर, विद्यार्थ्यांनी ईएसपी८२६६ या वायफाय चिपच्या बोर्डावर जुळवलेली उपकरणं यांची यादी हवी. ईएसपी८२६६ ला ५ गिगाहर्ट्झ कळतच नाही. काही लॉगर ११ एमबीपीएसच्या पुढचं काही जाणत नाहीत. वेग बंद केला की लॉगर गप्प होतो, आणि अलार्म वाजला नाही हे फ्रीझर वितळल्यावर कळतं. कंट्रोलरवरच्या क्लायंटच्या यादीत बी किंवा जी असं लिहिलेली उपकरणं शोधा आणि प्रत्येकाचा मालक शोधून त्याच्याशी बोला. अशा उपकरणांसाठी २.४ गिगाहर्ट्झवर एकच वेगळं नाव ठेवा, तेही ज्या मजल्यावर ती आहेत तेवढ्याच एपींवर आणि वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच वायरींवरच्या वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये).

चॅनलचं बघताना २.४ वर १, ६ आणि ११ एवढेच वापरा, २० मेगाहर्ट्झ रुंदीचे. मध्ये जागा दिसते म्हणून कुणी ३ आणि ९ लावलेले असतात. त्यामुळे दोन्हीकडच्यांना त्रास होतो. ५ गिगाहर्ट्झवर गर्दीच्या मजल्यावर २० किंवा ४० पुरे. ८० मेगाहर्ट्झ रुंदी स्पीड टेस्टमध्ये झकास दिसते आणि शेजारच्या चार एपींची जागा खाते. भारतात २०१८ च्या अधिसूचनेनं ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवान्याविना वापरायला मोकळे केले. त्याआधीचं फर्मवेअर असलेल्या कंट्रोलरला मधले चॅनल माहीतच नसतात आणि सगळे एपी मूठभर चॅनलवर कोंबलेले असतात. नुसतं फर्मवेअर अद्ययावत केलं तरी जागा मिळते.

पण त्या मधल्या चॅनलांना एक अट आहे. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनलांवर रडारला मान द्यावा लागतो. रडार ऐकू आल्यासारखं वाटलं तरी एपीला १० सेकंदांत चॅनल सोडावा लागतो, ३० मिनिटं परतता येत नाही आणि अशाच दुसऱ्या चॅनलवर जाण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. मधूनच गायब होणाऱ्या ५ गिगाहर्ट्झचं कोडं इथं सुटतं. सी-बँडचे हवामान रडार ५६०० ते ५६५० च्या आसपास काम करतात, म्हणून मी १२०, १२४ आणि १२८ डोळे झाकून वगळतो. कंट्रोलरच्या लॉगमध्ये रडारच्या नोंदी वारंवार दिसत असतील तर तेवढ्या एपींना ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६५ वर बसवा.

आता पूर्ण दांड्या असूनही न चालणाऱ्या फोनचं. एपी पूर्ण ताकदीनं ओरडतो, फोनला तो लांबूनही ऐकू येतो. फोनचा आवाज बारीक, तो एपीपर्यंत पोचत नाही. शिवाय लांबचा एपी जोरात ऐकू येतोय म्हटल्यावर फोन जवळच्या एपीकडे सरकतच नाही. एपीची ताकद कमी करा, २.४ ची तर नक्कीच. ताकद कमी केल्यावर वायफाय सुधारतं हे वरिष्ठांना पटवणं अवघड जातं. एक मजला करून दाखवा.

फेरी मारा

वायफाय ॲनालायझरसारखं ॲप घेऊन मजल्यावर फिरा. जिथं बसून काम होतं तिथं सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून चांगला हवा. एपी कुठं आहेत तेही बघा. फॉल्स सीलिंगच्या वर एसीच्या डक्टला चिकटलेला, गोदरेजच्या कपाटामागे गेलेला, रंगकामात रंगवलेला असे सगळे प्रकार सापडतात. कॉरिडॉरमध्ये ओळीनं लावलेले एपी एकमेकांना उत्तम ऐकतात आणि लॅबच्या आतल्या फ्यूम हूडमागच्या माणसाला काही मिळत नाही. पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतल्या तक्रारी आधी पॅन्ट्रीशी जुळवून बघा. आणि संशोधकांकडे हमखास असणारी गोष्ट म्हणजे बाहेरून जोडलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. तिच्या केबलमधून २.४ च्या पट्ट्यात नॉइज पसरतो. एकाच टेबलावरचा एकच लॅपटॉप रडत असेल तर डिस्क काढून बघा.

वायर आणि वीज

इथून पुढं थोडा खर्च सुरू होतो. एपीच्या पोर्टचा वेग स्विचवर बघा. १०० एमबीपीएस दिसत असेल तर आठातली एखादी तार तुटलीय किंवा पंचिंग सैल आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून लिंक चालू दिसते आणि कुणाला संशय येत नाही. आधी पॅच कॉर्ड बदला, मग दोन्ही टोकं नव्यानं क्रिम्प करा. तरीही तेच, तर तारेचा तुकडा ब्लेडनं खरवडा. आत पांढरं निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल आहे. तिच्यावरून एपीला वीज देणं म्हणजे तापणं आणि व्होल्टेज पडणं, ती काढायलाच हवी. उलट चांगली कॅट ५ई असेल तर उगाच उपटू नका. २.५ गिगाबिटचं मानक तिच्यासाठीच केलेलं आहे.

विजेचा हिशेब ‘नवे एपी लावले तरी तेच’ या तक्रारीचा सूत्रधार असतो. जुना पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतूनच एपीला वीज देणारा) ८०२.३एएफ मानकाचा, पोर्टमागे १५.४ वॉट, त्यातले एपीपर्यंत १२.९५ पोचतात. वायफाय ६ च्या बऱ्याच एपींना ८०२.३एटी लागतं, म्हणजे पोर्टला ३० आणि एपीला २५.५ वॉट. कमी वीज मिळाली की एपी बंद पडत नाही, गुपचूप एखादा रेडिओ किंवा काही अँटेना बंद करून चालत राहतो. दिवा हिरवाच. स्विचचं एकूण बजेटही तपासा: २४ पोर्टच्या अनेक स्विचांकडे सगळे मिळून ३७० वॉट असतात, २४ नव्या एपींना ते पुरत नाहीत. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. ती परत आल्यावर काही एपी उठत नसतील तर बजेट आणि मजल्यावरच्या रॅकचा यूपीएस, दोन्ही बघा.

प्रमाणपत्रं आणि घड्याळ

अख्खा मजला एकदम झोपला आणि वीज, स्विच ठीक आहेत, तर कंट्रोलरच्या लॉगमध्ये प्रमाणपत्राची तक्रार शोधा. काही जुन्या एपींमध्ये कारखान्यातच घातलेलं प्रमाणपत्र दहा वर्षांचं असतं. मुदत संपली की कंट्रोलर त्यांना ओळख दाखवत नाही. एकाच खेपेत घेतलेले एपी त्यामुळे एकापाठोपाठ गळतात. कंट्रोलरचं घड्याळ मागं नेऊन ते उठवता येतात, पण ती फक्त नवा माल येईपर्यंतची मलमपट्टी. लॉगमधल्या वेळा खोट्या होतात आणि त्या घड्याळावर अवलंबून असलेलं दुसरं काहीतरी बिघडतं.

सगळ्यांचं लॉगिन एकाच सकाळी बंद पडलं तर लॉगिन तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तारीख बघा. फक्त नव्या अँड्रॉइडवाल्यांनाच त्रास होत असेल तर कारण वेगळं. अँड्रॉइड ११ च्या अपडेटपासून प्रमाणपत्र न तपासता जोडण्याचा पर्याय काढायला सुरुवात झाली, आणि संस्थेच्या जुन्या सूचनापत्रकात तोच पर्याय निवडा असं लिहिलेलं असतं. पत्रक बदला. हेच काम एज्युरोमवर, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांच्या सामायिक वायफाय लॉगिनवर, नेता आलं तर उत्तम. भारतात ते एर्नेट ही सरकारी नेटवर्क संस्था चालवते, बाहेरून आलेल्या संशोधकाला स्वतःच्या संस्थेच्या खात्यानं जोडता येतं आणि पाहुण्यांची कटकट बरीच उतरते.

हे सगळं करूनही नवे एपी लागणार असतील तर क्रम असा: केबल, पीओई स्विच, कंट्रोलर, शेवटी एपी. आणि मजला पूर्ण बदला. जुना, नवा, जुना असे आलटूनपालटून लावले की चालत जाणाऱ्याचा फोन मध्येच लटकतो. एचपीएलसी किंवा एफटीआयआरसारख्या यंत्राला जोडलेला विंडोज एक्सपीचा पीसी मात्र नव्या वायफायवर आणायच्या भानगडीत पडू नका. त्याला वायर द्या, वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवा आणि त्याच्या डेटासाठी मधे एक शेअर ठेवा. त्याच्यासाठी सगळ्या संस्थेची सुरक्षा टीकेआयपीवर आणू नका, कितीही ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी फोन केला तरी.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

एनएमआरच्या खोलीत शिडी, ड्रिल, स्क्रूड्रायव्हर घेऊन जाऊ नका. चुंबक कायम चालू असतो, वीज गेली तरी. किरणोत्सर्गाची पाटी असलेली खोली, जैवसुरक्षा लॅब, प्राणिगृह, क्लीन रूम इथं सुरक्षा अधिकाऱ्याची लेखी परवानगी आल्याशिवाय छताची फळीही उचलायची नाही. रॅकला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच लांब व्हा, अर्थिंगचं काम इलेक्ट्रिशियनचं आहे. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकलेली असेल आणि वळवाच्या विजांत दर वर्षी पोर्ट जळत असतील तर पोर्ट बदलत बसू नका. तिथं फायबर लागेल, आणि ते जोडणाऱ्याकडे स्प्लायसिंगचं यंत्र लागतं. खोडदच्या जीएमआरटीसारख्या, जिथं पाहुण्यांना मोबाइलसुद्धा बंद ठेवायला सांगतात, अशा दुर्बिणीच्या आवारात एकही एपी स्वतःच्या मनानं चालू करायचा नाही. रेडिओ हस्तक्षेप बघणाऱ्या गटाला आधी विचारायचं.

रेडियससह कंट्रोलर बदलणं किंवा दोन-तीन मजल्यांहून मोठी नवी आखणी हेही स्वतः करण्याचं काम नाही. बाहेरच्याला बोलावताना जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरच्या निविदेत या गोष्टी लिहून घ्या, नंतर तोंडी मागून मिळत नाहीत: प्रत्यक्ष जागेवर चालून केलेला सर्व्हे, नुसत्या नकाशावरचा अंदाज नको, दोन्ही बँडचे उणे ६७ चे नकाशे, दारं बंद आणि लॅब चालू असताना काढलेले, प्रत्येक केबलचा सर्टिफायरचा (केबल तपासणाऱ्या यंत्राचा) अहवाल, स्विचनिहाय विजेचा हिशेब, उपकरणांचं डब्ल्यूपीसी या सरकारी विभागाचं ईटीए (रेडिओ उपकरणाच्या मंजुरीचं) प्रमाणपत्र, आणि काम संपल्यावर कंट्रोलरचा कॉन्फिगरेशन बॅकअप व ॲडमिनचे पासवर्ड संस्थेच्या ताब्यात. हा शेवटचा मुद्दा गाळून निविदा निघाली, तर एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपल्यावर नवं नाव टाकायलाही जुन्याच ठेकेदाराला फोन करावा लागतो.